डॉकर एक्झेक: चालू कंटेनरमध्ये कमांड चालवताना

डॉकरचा कंटेनर (एखादा प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइलींसकट वेगळा चालवायची डबी) चालू आहे, आत काहीतरी बिनसलंय आणि बघायचंय काय झालंय ते. अशा वेळी हाताशी येते ती डॉकर एक्झेक. ती चालवायला शिकायला दोन मिनिटं पुरतात. डोकं धरायची वेळ नंतर येते. हाताने नीट चालणारी कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) घातली की रुसते, बॅकअपची फाइल तयार होते पण रिकामी असते, आणि कंट्रोल-सी दाबून थांबवलेलं काम आत तासभर चालूच राहिलेलं सापडतं.

यातल्या बहुतेक गफलतींच्या मुळाशी आपली एक बोलण्याची सवय आहे: 'कंटेनरमध्ये शिरलो'. प्रत्यक्षात कोणी कुठे शिरत नाही. डॉकर एक नवी प्रोसेस (चालता प्रोग्रॅम) सुरू करतो आणि तिला त्या कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्याच फाइली, तेच नेटवर्क, तीच प्रोसेसची यादी दिसेल अशा जागी बसवतो. मुख्य प्रोग्रॅमची ही शेजारीण झाली. एका छपराखाली राहते, पण तिचं पोट वेगळं. एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचे निम्मे घोटाळे आपले आपण उलगडतात.

लिपीबद्दल आधीच सांगायला हवं. इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजीच (1, 2, 3). मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगची) नावं मात्र सगळीच मोठ्या अक्षरांत. रेघा, अवतरणचिन्हं, डॉलर आणि मोकळ्या जागा जिथल्या तिथेच ठेवायच्या.

सरावासाठी दोन कंटेनर

चालू प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरत असलेल्या सर्व्हरवर, शिकू नका. स्वतःच्या मशीनवर हे दोन उभे करा, एक एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि दुसरा पोस्टग्रेस हा डेटाबेस:

    डॉकर रन -डी --नेम दुकान-वेब एनजिनएक्स:अल्पाइन
    डॉकर रन -डी --नेम दुकान-डीबी -ई पोस्टग्रेस_पासवर्ड=गुपित पोस्टग्रेस:१६

पोस्टग्रेसला पहिल्यांदा डेटाबेसची मांडामांड करायला काही सेकंद लागतात. 'डॉकर लॉग्ज दुकान-डीबी' मध्ये तो कनेक्शन घ्यायला तयार असल्याची ओळ दिसली की पुढे जा. नंतर 'डॉकर पीएस' चालवा. शेवटच्या रकान्यात नावं दिसतील, आणि एक्झेकला हेच नाव द्यायचं. पहिल्या रकान्यातला आयडीही चालतो, पण कंटेनर नव्याने बनवला की तो बदलतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये आयडी कधीच लिहू नये.

आता पहिली कमांड:

    डॉकर एक्झेक दुकान-वेब पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,आर्ग्ज

यादीत १ क्रमांकाची प्रोसेस म्हणजे एनजिनएक्सची मास्टर. तिच्या वर्कर प्रोसेसचा पालक क्रमांक १ दिसेल. पण आपल्या पीएसच्या पालकाच्या जागी ० आहे. म्हणजे तिचा पालक कंटेनरच्या बाहेर आहे, आतून दिसतच नाही. शेजारीण म्हटलं ते हेच.

या एका शून्याचे परिणाम बरेच. १ क्रमांकाची प्रोसेस मेली की कंटेनर थांबतो आणि एक्झेकने चालवलेलं सगळं त्याबरोबर जातं. कंटेनर पुन्हा सुरू केला तरी एक्झेकची कमांड परत सुरू होत नाही. एक्झेकने छापलेलं 'डॉकर लॉग्ज' मध्ये येत नाही, कारण तिथे फक्त १ क्रमांकाच्या प्रोसेसचं आउटपुट जातं. मेमरीची मर्यादा मात्र सामायिक असते. ५१२ एमबीच्या कंटेनरमध्ये एक्झेकने जड स्क्रिप्ट चालवली तर कर्नल (लिनक्सचा गाभा) कोणाचाही बळी घेऊ शकतो, मुख्य प्रोग्रॅमचासुद्धा.

डॉकर २०१३ मध्ये आला तेव्हा एक्झेक नव्हती. लोक एनएसएंटर नावाचं लिनक्सचं हत्यार वापरत, नाहीतर कंटेनरमध्ये चक्क एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा) बसवत. ऑक्टोबर २०१४ मधल्या १.३ आवृत्तीत एक्झेक आली. जुन्या इमेजमध्ये (इमेज म्हणजे ज्यातून कंटेनर बनतो तो साचा) अजूनही एसएसएच सर्व्हर दिसला तर तो त्या काळाचा अवशेष समजा आणि काढून टाका.

फ्लॅग कुठे लिहायचे

फ्लॅग म्हणजे कमांडला रेघ लावून जोडलेली सूचना. कंटेनरच्या नावाआधी येईल ते डॉकरचं, नावानंतर येईल ते आतल्या कमांडचं. हे उदाहरण बघा:

    डॉकर एक्झेक दुकान-वेब एनजिनएक्स -टी

इथला '-टी' एनजिनएक्सचा आहे; तो कॉन्फिगरेशन तपासतो. हाच '-टी' नावाआधी लिहिला तर डॉकर टर्मिनल जोडतो. दोन्ही ठिकाणी अक्षर तेच, अर्थ अगदी वेगळा. उलट 'डॉकर एक्झेक दुकान-वेब -आयटी एसएच' असं लिहिलं तर डॉकर '-आयटी' नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो आणि एक्झिक्युटेबल फाइल नॉट फाउंड म्हणून परत येतो.

हीच चूक अवतरणचिन्हांनी होते. संपूर्ण कमांड एकाच अवतरणात घातली, म्हणजे "एलएस -एल" अशी, तर मध्ये स्पेस असलेल्या त्या नावाचा प्रोग्रॅम शोधला जातो. एक्झेकला शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) नको असतं. ती प्रोग्रॅमचं नाव आणि त्याचे शब्द वेगवेगळे घेते.

-आय आणि -टी: जोडीने शिकतो, पण काम वेगळं

सगळीकडे '-आयटी' एकत्र लिहिलेलं असतं, म्हणून नवशिक्यांना तो एकच फ्लॅग वाटतो. '-आय' म्हणजे आपलं इनपुट आत पोचू दे. '-टी' म्हणजे आत खोटं टर्मिनल उभं कर, ज्यामुळे प्रॉम्प्ट दिसतो, रंग दिसतात, बाण दाबून मागची कमांड येते. समोर बसून शेल वापरायचं तर दोन्ही हवेत:

    डॉकर एक्झेक -आयटी दुकान-वेब एसएच

एसएच आणि बॅश ही दोन शेलची नावं. इथे 'बॅश' लिहिलं असतं तर अल्पाइन या छोट्या लिनक्सवर आधारलेल्या पुष्कळ इमेजमध्ये ते सापडत नाही. तिथे बिझीबॉक्स या छोट्या हत्यारसंचाचं एसएच असतं. डेबियनवर आधारलेल्या इमेजमध्ये बॅश बहुधा मिळतं. काय आहे ते माहीत नसेल तर एसएचच लिहा.

नुसता '-टी' दिला आणि '-आय' विसरला, तर प्रॉम्प्ट दिसतो पण टाइप केलेलं आत जात नाही. कंटेनर हँग झाला असं वाटतं. नुसता '-आय' दिला तर प्रॉम्प्ट दिसत नाही, पण कमांड चालतात. पाइपमधून डेटा आत ढकलायला नेमकं हेच हवं असतं:

    कॅट जुना.एसक्यूएल | डॉकर एक्झेक -आय दुकान-डीबी पीएसक्यूएल -यू पोस्टग्रेस दुकान

(इथला 'यू' मोठा. 'दुकान' हा डेटाबेस आधी 'डॉकर एक्झेक दुकान-डीबी क्रिएटडीबी -यू पोस्टग्रेस दुकान' असा बनवून घ्या, यूही मोठाच.) यातला '-आय' गाळला तर पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसला कमांड देणाऱ्या प्रोग्रॅमला) इनपुट रिकामं मिळतं. तो काहीही न करता, एररही न देता, यशस्वी म्हणून संपतो. हा गप्प बसणारा घोटाळा सर्वांत वाईट. 'इम्पोर्ट झालं' म्हणून सगळे निघून जातात.

'-टी' चा जाच उलट दिशेने होतो. स्क्रिप्ट, क्रॉन किंवा सीआयमध्ये (कोडच्या चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) समोर टर्मिनल नसतं. तिथे '-आयटी' लिहिलं की 'द इनपुट डिव्हाइस इज नॉट अ टीटीवाय' (टीटीवाय म्हणजे टर्मिनल) असा एरर येतो आणि कमांड चालतच नाही. हा एरर निदान दिसतो तरी. न दिसणारा प्रकार असा की टर्मिनल प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न घालतं आणि एरर आउटपुट साध्या आउटपुटमध्ये मिसळतं. म्हणून टर्मिनलवर बसून '-टी' सकट घेतलेला डम्प (डेटाबेसची काढलेली प्रत) फाइलमध्ये टाकला तर मजकूर डागाळतो. पीजी_डम्पचा बायनरी फॉरमॅट असेल तर तो परत भरताच येत नाही. नियम सरळ आहे: माणूस समोर असेल तरच '-टी', आउटपुट फाइलमध्ये जाणार असेल तर कधीच नाही.

आणखी एक सापळा लूपमध्ये आहे. फाइलमधून एकेक ओळ वाचणाऱ्या 'व्हाइल रीड' लूपच्या आत '-आय' सकट एक्झेक लिहिली, तर ती पहिल्याच फेरीत फाइलचं उरलेलं सगळं इनपुट गिळून टाकते. पन्नास ओळींची यादी, काम झालं एकाच ओळीचं. लूपमध्ये '-आय' काढा, किंवा एक्झेकच्या शेवटी '< /डेव्ह/नल' जोडा.

डॉलर कोण वाचतं?

    डॉकर एक्झेक दुकान-वेब इको $होम

यात तुमच्याच मशीनवरचं घर छापलं जातं. कारण डॉलर बघितला तुमच्या शेलने, डॉकरकडे पोचायच्या आधी. पाइप, '&&', तारांकन आणि '>' यांचंही तसंच. आत व्हायला हवं असेल तर आत शेल मागवा आणि एकेरी अवतरण वापरा:

    डॉकर एक्झेक दुकान-वेब एसएच -सी 'इको $होम'

दुहेरी अवतरण वापरलं तर तुमचं शेल पुन्हा मध्ये पडतं. एनजिनएक्सचं कॉन्फिगरेशन तपासून मगच नव्याने वाचायला लावणारी ही ओळ याच रीतीची, आणि रोज उपयोगी पडणारी:

    डॉकर एक्झेक दुकान-वेब एसएच -सी 'एनजिनएक्स -टी && एनजिनएक्स -एस रीलोड'

विंडोजवर गिट बॅश वापरणाऱ्यांना एक जादा त्रास असतो. '/ॲप' सारखा पाथ दिला की गिट बॅश तो विंडोजचा पाथ समजून त्याच्या आधी आपल्या इन्स्टॉलेशनचा फोल्डर चिकटवतो. सुरुवातीला दोन तिरप्या रेघा द्या किंवा 'एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह=१' ठेवा. तिथेच टीटीवायचा एरर आला तर कमांडच्या आधी 'विनपीटीवाय' लावा. पॉवरशेलमध्ये यातलं काही लागत नाही.

कोण म्हणून, कुठून, कोणत्या व्हेरिएबलसह

एक्झेक कोणत्या युजरने चालते हे इमेजवर किंवा 'डॉकर रन' करताना दिलेल्या युजरवर ठरतं. मुख्य प्रोग्रॅम सध्या ज्या युजरने चालला आहे त्याच्याशी याचा संबंध नाही. पोस्टग्रेसची इमेज रूट म्हणून सुरू होते आणि नंतर स्वतः पोस्टग्रेस युजरवर उतरते. म्हणून एक्झेकने गेलात तर तुम्ही रूट असता, आणि नुसतं 'पीएसक्यूएल' म्हटलं की 'रोल रूट डझ नॉट एक्झिस्ट' ऐकावं लागतं. डेटाबेस बिघडलेला नसतो. पीएसक्यूएलने तुमच्या युजरचं नाव उचललेलं असतं, इतकंच. वर सांगितलेला मोठा '-यू' हा पीएसक्यूएलचा. डॉकरचा लहान '-यू' नावाआधी येतो:

    डॉकर एक्झेक -यू पोस्टग्रेस दुकान-डीबी पीएसक्यूएल -एल

'डॉकर एक्झेक -यू एनजिनएक्स दुकान-वेब आयडी' करून बघा, युजर क्रमांक १०१ दिसेल. '-यू' गाळलं की ०, म्हणजे रूट. नाव द्यायचं तर ते कंटेनरच्या '/ईटीसी/पासडब्ल्यूडी' मध्ये असलं पाहिजे. क्रमांक कोणताही चालतो. लिनक्सवर होस्टचा (कंटेनर ज्या मशीनवर चालतो तिचा) फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केला, म्हणजे जोडला, असेल तर आत रूटने बनवलेली फाइल बाहेरही रूटच्याच मालकीची होते, आणि मग सुडोशिवाय पुसता येत नाही. त्यासाठी '-यू $(आयडी -यू):$(आयडी -जी)' द्या. इथे डॉलर बाहेरच वाचला जावा असंच हवं आहे, म्हणून अवतरण नाही.

कामाचा फोल्डर '-डब्ल्यू' ने बदलतो. एका एक्झेकमध्ये केलेलं 'सीडी' दुसऱ्या एक्झेकला कळत नाही. प्रत्येक वेळी शेजारीण नवीन.

व्हेरिएबलचा प्रश्न जास्त छळतो. एक्झेकला इमेजमधले आणि 'डॉकर रन' करताना दिलेले व्हेरिएबल मिळतात. पण एंट्रीपॉइंटच्या स्क्रिप्टने (कंटेनर उभा राहताना सर्वांत आधी चालते ती) सुरू होताना एखादा पासवर्ड फाइलीतून वाचून एक्सपोर्ट केला असेल, तर तो तिच्या पोटची संतती असलेल्या प्रोसेसनाच मिळतो. ॲप छान चालतं आणि त्याचीच मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी) कमांड एक्झेकने दिली की 'डेटाबेसचा पत्ता सापडला नाही' म्हणून पडते. मुख्य प्रोसेसला खरोखर काय मिळालंय ते असं दिसतं ('दुकान-ॲप' च्या जागी आपल्या ॲपच्या कंटेनरचं नाव घाला):

    डॉकर एक्झेक दुकान-ॲप एसएच -सी "टीआर '\०' '\एन' < /प्रॉक/१/एन्व्हिरॉन"

हवा तो व्हेरिएबल '-ई नाव=किंमत' असा द्या. पासवर्ड असेल तर किंमत लिहू नका, नुसतं '-ई नाव' द्या. ती तुमच्या शेलमधून उचलली जाते, आणि होस्टवर पीएस चालवणाऱ्या प्रत्येकाला दिसत नाही.

मराठी फायलींची नावं कंटेनरमध्ये '$' आणि आकड्यांच्या जंजाळात दिसली तर घाबरू नका, फाइल शाबूत आहे. डेबियनवरच्या पुष्कळ इमेजमध्ये भाषेचं सेटिंगच नसतं. टर्मिनलवर '-ई लँग=सी.यूटीएफ-८' देऊन एलएस करा, देवनागरी नीट दिसेल. (किंमतीतला सी आणि यूटीएफही मोठ्या अक्षरांत.)

घड्याळाचंही असंच. कंटेनर सहसा यूटीसीवर असतात, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. '-ई टीझेड=एशिया/कोलकाता' (दोन्ही नावांचं पहिलं अक्षर मोठं) दिलं तर तेवढ्या कमांडपुरती आपली वेळ दिसते, पण इमेजमध्ये टाइमझोनची माहिती असेल तरच. एनजिनएक्सच्या अल्पाइन इमेजमध्ये ती मुद्दाम घातलेली आहे, साध्या अल्पाइनमध्ये नसते. तिथे 'टीझेड=आयएसटी-५:३०' लिहा. वजाचं चिन्ह चुकलेलं नाही; या जुन्या पद्धतीत ग्रीनिचच्या पूर्वेला वजा धरतात. मुख्य प्रोग्रॅमच्या लॉगमधली वेळ मात्र यातल्या कशानेही बदलत नाही. ती 'डॉकर रन' च्या वेळीच ठरवावी लागते.

क्रॉनमधला बॅकअप

नव्या माणसाला सर्वांत आधी हेच काम मिळतं, आणि साधी ओळ अशी असते:

    डॉकर एक्झेक दुकान-डीबी पीजी_डम्प -यू पोस्टग्रेस दुकान > दुकान.एसक्यूएल

(यू मोठा.) '>' बाहेरच्या शेलने वाचला म्हणून फाइल होस्टवर तयार होते, आणि ते बरोबरच आहे. घोटाळा वेगळा आहे. शेल आधी दुकान.एसक्यूएल रिकामी करतं आणि नंतर डॉकरला हाक मारतं. कंटेनर बंद असला तर कालचा चांगला बॅकअपही पुसला गेलेला असतो. म्हणून दुकान.टीएमपी मध्ये लिहा आणि कमांड यशस्वी झाली तरच '&& एमव्ही दुकान.टीएमपी दुकान.एसक्यूएल' करा.

एक्झेक आतल्या कमांडचा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, ० म्हणजे यश) जसाच्या तसा बाहेर देते, म्हणून हे '&&' भरवशाचं आहे. पुढे '| जीझिप' जोडलं की भरवसा संपतो. पाइपचा कोड शेवटच्या कमांडचा असतो, आणि जीझिप रिकामं इनपुटही आनंदाने दाबून ० देतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला बॅश ठेवून 'सेट -ओ पाइपफेल' लिहा. तारीख फाइलच्या नावात घालणार असाल तर आणखी एक: क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ संपली. त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ लागते. सरळ स्क्रिप्ट फाइलच बनवावी आणि क्रॉनमधून ती हाक मारावी, हे बरं.

कोड वाचायची सवय लावा. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. डॉकरच्या जुन्या आवृत्त्या न सापडलेल्या कमांडसाठीही १२६ देत. १३७ म्हणजे कोणीतरी किल -९ केलं, बहुतेकदा मेमरी संपल्यामुळे कर्नलने. १४३ म्हणजे नीट थांबायला सांगितलं होतं.

कंट्रोल-सी आणि कंट्रोल-पी

'-टी' असताना कंट्रोल-सी आतल्या खोट्या टर्मिनलमधून जातं, म्हणून आतली कमांड थांबते. '-टी' नसताना ते फक्त बाहेरच्या डॉकर क्लायंटला मारतं, आणि आतली प्रोसेस आपलं काम चालू ठेवते. सीआयने वेळ संपली म्हणून जॉब तोडला तरी असंच होतं. 'डॉकर टॉप दुकान-डीबी' केलं की ती दिसते. तिथले क्रमांक होस्टचे असतात, म्हणून लिनक्सवर 'सुडो किल' ने मारता येते. डॉकर डेस्कटॉपवर ते क्रमांक आतल्या व्हर्च्युअल मशीनचे असतात, तुमच्या मॅकवर किंवा विंडोजवर ते शोधू नका. आधीच तजवीज करायची तर लांब कमांडच्या पुढे 'टाइमआउट ६००' लावा. दहा मिनिटांनी ती आतल्या आत थांबते, आणि डेबियनवरच्या इमेजमध्ये १२४ कोड देते.

कंट्रोल-पीची तक्रार त्या मानाने किरकोळ. मागची कमांड आणायला ते दाबलं की पहिल्यांदा काहीच होत नाही, कारण कंट्रोल-पी आणि मग कंट्रोल-क्यू ही डॉकरची सुटून यायची किल्ली आहे. तो दुसऱ्या अक्षराची वाट बघत असतो. '--डिटॅच-कीज' देऊन वेगळी किल्ली ठरवा, नाहीतर वरचा बाण वापरा.

आत शेलच नाही, किंवा कंटेनरच उभा राहत नाही

थांबलेल्या कंटेनरवर एक्झेक चालत नाही. सुरू होऊन लगेच पडणाऱ्या कंटेनरवर ती पकडायची शर्यत लावू नका. आधी लॉग वाचा, मग त्याच इमेजमधून 'डॉकर रन --आरएम -आयटी --एंट्रीपॉइंट एसएच' ने नवा उभा करून आत बघा. 'डॉकर सीपी' मात्र थांबलेल्या कंटेनरमधूनही फाइल काढते, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

काही इमेजमध्ये सुरक्षेसाठी शेलच ठेवलेलं नसतं. तिथे खोलीत दुसरा पाहुणा बसवायचा:

    डॉकर रन --आरएम -आयटी --पीआयडी कंटेनर:दुकान-वेब --नेटवर्क कंटेनर:दुकान-वेब बिझीबॉक्स

बिझीबॉक्सची हत्यारं, पण प्रोसेस आणि नेटवर्क आपल्या कंटेनरचं. त्याच्या फायली '/प्रॉक/१/रूट' खाली दिसतात. परवानगी नाकारली गेली तर '--कॅप-ॲड एसवायएस_पीट्रेस' जोडा, हे नाव मोठ्या अक्षरांत.

'एपीटी इन्स्टॉल' करून चालू कंटेनरमध्येच पिंग किंवा संपादक बसवायचा मोह सगळ्यांना होतो. तात्पुरत्या तपासाला हरकत नाही. पण कंटेनर थांबवून पुन्हा सुरू केला तर ते टिकतं आणि काढून नव्याने बनवला तर जातं. नेमकं याच फरकाने लोक फसतात. महिनाभर टिकलेली दुरुस्ती पुढच्या डिप्लॉयमध्ये गायब होते. दुरुस्ती डॉकरफाइलमध्येच (इमेज बनवायच्या कृतीच्या फाइलमध्ये) करा.

कंपोज आणि क्युबरनेटीस

कंपोज म्हणजे एका फाइलमधून अनेक कंटेनर एकत्र चालवायची सोय. 'डॉकर कंपोज एक्झेक' ला कंटेनरचं नाव नको, कंपोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव हवं. ती इनपुट आणि टर्मिनल आपणहून जोडते, म्हणून '-आयटी' लिहायची गरज नाही. स्क्रिप्टमध्ये मात्र टर्मिनल काढायला मोठ्या टीचा '-टी' द्यावा. साध्या डॉकरमध्ये लहान टी जोडतो आणि कंपोजमध्ये मोठा टी काढतो. हे ज्याने ठरवलं त्याला नमस्कार. एकाच सर्व्हिसच्या तीन प्रती असतील तर '--इंडेक्स २' अशी प्रत निवडा.

क्युबरनेटीस अनेक मशीनवर कंटेनर चालवतो, आणि क्युबसीटीएल ही त्याची कमांड. क्युबसीटीएल एक्झेकमध्ये पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाच्या) नावानंतर, कमांडच्या आधी सुट्या दोन रेघा '--' लिहायच्या. पॉडमध्ये अनेक कंटेनर असतील तर '-सी' ने नाव द्या. तिथे युजर बदलायचा फ्लॅगच नाही. शेल नसलेल्या पॉडसाठी क्युबसीटीएल डीबग आहे. त्यामागची तात्पुरत्या कंटेनरची सोय २०२२ मधल्या १.२५ आवृत्तीत पक्की झाली.

टीमसाठी नोंद लिहिताना

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये अशा दहाबारा एक्झेक ओळी साठतात, आणि त्या कोणाच्या तरी चॅटमध्ये हरवलेल्या असतात. त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवा. फक्त कमांड चिकटवली तर नोंद अर्धवट राहते. वाचणाऱ्याला पाच गोष्टी कळल्या पाहिजेत: कोणत्या मशीनवर चालवायची, कोणत्या युजरने, समोर माणूस लागतो की क्रॉनमध्ये चालेल, यशस्वी झाल्यावर काय दिसतं, आणि मध्येच तुटली तर आत काय उरतं. नमुना असा:

    काम: एनजिनएक्सचं कॉन्फिगरेशन नव्याने वाचायला लावणे
    कुठे: वेब सर्व्हरवर, डॉकर ग्रुपमधल्या खात्याने
    कमांड: डॉकर एक्झेक दुकान-वेब एसएच -सी 'एनजिनएक्स -टी && एनजिनएक्स -एस रीलोड'
    युजर: रूट (-यू देऊ नये, मास्टरला सिग्नल द्यायला रूटच हवा)
    टर्मिनल: नको, क्रॉनमध्ये चालेल
    यश: सिंटॅक्स इज ओके, टेस्ट इज सक्सेसफुल, कोड ०
    टीप: तपासणीचा मजकूर एरर आउटपुटवर येतो, '>' ने फाइलमध्ये पडत नाही, '२>' वापरा
    तुटल्यास: तपासणीत पडली तर जुनं कॉन्फिगरेशन चालूच राहतं

नोंद लिहिल्यावर ती स्वतः तपासू नका. त्या प्रोजेक्टला हात न लावलेल्या माणसाला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे विचारेल तिथे एक ओळ कमी आहे. कंटेनरची नावं बदलली, इमेज अल्पाइनवरून डेबियनवर गेली किंवा एंट्रीपॉइंट बदलला, तर या फाइलमधली प्रत्येक कमांड पुन्हा एकदा चालवून बघावी लागते. आणि सर्व्हरवर डॉकर ग्रुपमध्ये नाव घातलेल्या प्रत्येकाच्या हाती व्यवहारात त्या मशीनचं रूटच असतं, म्हणून 'कुठे' च्या ओळीत कोणतं खातं लिहिता याकडे जरा जास्त लक्ष द्या.